चालकाच्या सीटवर

रात्री दीडला गाड्या परततात.
हाकायला कुणी नसतं, तरी
गोठ्याची वाट पाठ असल्यागत
एकामागून एक आत वळतात
आणि आपापल्या खुंट्याला लागून वीज पीत उभ्या राहतात.
फिनिक्समध्ये तेव्हाही छत्तीस अंश असतात.
एका गाडीला मला सात मिनिटं:
व्हॅक्यूम, फडकं, काचा, शेवटी कॅमेऱ्यांचे डोळे.

कोण बसतं या गाड्यांत,
याचे वरच्या मजल्यावर आलेख आहेत.
मला कुणी विचारत नाही.

शनिवारी चमकी, एका पायाची उंच टाच, ओकारी.
(ओकारीला बावीस मिनिटं मिळतात.)
सोमवारी बटाट्याचे काप
आणि कुणाच्या तरी पोरीची गणिताची वही,
तिसरं उदाहरण चुकलेलं.
हॉस्पिटलचा मनगटपट्टा, दातांनी तोडलेला.
एकदा खराच दात. दुधाचा. टिशूत जपून गुंडाळलेला.
ऑफेलियाने त्यालाही नोंदवहीत नंबर दिला,
आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी धावत आली.

पहाटे चारला येणाऱ्या गाडीत पीठ.
बेकरीतल्या बाया चौघीत एक गाडी करतात,
भाडं वाटून घेतात,
कधी काही विसरत नाहीत.
सीटच्या पाठींवर नुसत्या चार पाठी उरतात, पांढुरक्या.
त्या पुसताना मी उगाच हळू पुसतो.

मी अकरा वर्षं टॅक्सी चालवली या गावात.
अस्मारा सोडल्यावर हातात आलेलं पहिलं चाक.
मग या आल्या.
राग? होता.
पण रागाला भाडं भरता येत नाही,
आणि इथे निदान रात्रपाळीचा भत्ता आहे.

तर, मंगळवारी सापडली पहिल्यांदा.
चालकाच्या सीटवर,
जिथे बसू नये असं दोन भाषांत लिहिलंय,
पाच डॉलरची नोट.
लांबीत दुमडलेली, नखाने धार काढल्यासारखी.
मी जमा केली.
गुरुवारी पुन्हा. वेगळी गाडी, तीच घडी.
ऑफेलिया म्हणाली, हरवली म्हणावी,
तर कुणी मागायला कसं येत नाही?

शनिवारी तिसरी सापडली
आणि माझा हात तिथेच थांबला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार: डायलिसिस.
लिंडक्विस्ट म्हातारा.
सहा वर्षं मीच नेत होतो त्याला, मीच आणत होतो.
एकची सरळ, पाचची उभी, दहाची आडवी,
विसाची दोन्हीकडून, त्याने शिकवलं होतं मला.
सगळ्या नोटा एकाच मापाच्या छापतात, म्हणायचा,
तुमच्याकडे तरी इतके गाढव नसतील.
मी काही न बोलता गाडी चालवली,
तरी त्याला कळायचं:
तेस्फालेम, आज भांडून आलास.
ब्रेक कडक लागतोय.

आता ब्रेक कधीच कडक लागत नसेल.

पुढे कुणी नाही हे त्याला ठाऊक नाही, असं नाही.
गाडी दार उघडतानाच सांगते तसं, गोड आवाजात.
ठाऊक असूनच तो पुढे वाकत असणार,
चाचपत असणार,
सीटची कड लागली की ठेवत असणार.

तीस दिवस कुणी आलं नाही, ऑफेलिया म्हणाली,
तर नियमाने ज्याला सापडल्या त्याच्या.
तुझ्याच होतील.
मी म्हटलं, हो.

उद्या कुठली गाडी त्याच्या वाट्याला येईल
हे गाडीलाही माहीत नसतं.
त्या रात्री समोर आलेल्या गाडीची
आतली कडी मी पुसली. परत पुसली.
पट्ट्याचं बकल सीटवर वर काढून ठेवलं,
शोधणाऱ्या हाताला लागेल असं.

आठ मिनिटं झाली.
स्क्रीनने उशिराचं कारण विचारलं.
यादीत पाच कारणं होती.
मी 'चिकट डाग' दाबलं.